यासीनची आई

"मास्तर, फारसी बोलता येतं तुम्हाला, की नुसतं वाचता येतं?"

ॲडव्होकेट कुंदा धुरंधर यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या फोर्टमधल्या चेंबरच्या दारात उभा होतो आणि हातातली पिशवी कुठे ठेवावी ते मला कळत नव्हतं. मी मास्तर नव्हतो. पुण्यातल्या एका इतिहास संशोधन संस्थेत जुने फारसी कागद वाचायचे आणि त्यांचा मराठी सारांश लिहायचा, हे माझं काम. पण बाईंनी पहिल्या मिनिटाला मला मास्तर केलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं.

"वाचता येतं," मी म्हणालो. "बोलायची वेळ कधी आली नाही. ज्यांच्याशी बोलावं ते सगळे दोनशे वर्षांपूर्वी वारले."

बाई खुर्ची मागे रेलेपर्यंत हसल्या. "मग आज एक जिवंत दाखवते. बसा. ती फाइल खाली ठेवा, तिच्यावर बसू नका म्हणजे झालं."

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक माणूस ताठ बसला होता. पस्तिशीचा असेल. कोट स्वच्छ, पण बाह्या आखूड. नाव नौरोज अली. उत्तर अफगाणिस्तानातल्या एका शहरात तो शाळेत भूगोल शिकवायचा. आता पुण्यात कोंढव्याला एका बेकरीत भट्टीवर होता. त्याच्या शहरात त्याच्या जमातीच्या लोकांना घरातून ओढून मारलं गेलं होतं. त्यात त्याचा सासरा आणि मेहुणा गेले. यादीत पुढचं नाव त्याचं होतं, म्हणून बायको आणि तान्हं मूल घेऊन तो पळाला. ही गोष्ट १९९९ सालची.

मी घसा साफ केला आणि मला येत होतं त्या फारसीत त्याचं स्वागत केलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशा हलल्या.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"म्हणतोय, आपण बोललात आणि मला वाटलं मी बादशहापुढे उभा आहे. फक्त सिंहासन दिसत नाही."

माझी फारसी दरबारी पत्रांतली. साधं 'बसा' म्हणायचं तर मला 'आसन ग्रहण करून या दासास उपकृत करावे' एवढंच ठाऊक. तरी तो समजत होता, आणि त्याचं हळू बोलणं मलाही समजत होतं. मी बाईंना म्हणालो, की तुम्ही एखादा खरा दुभाषी बघा, माझ्या हातून काही चूक झाली तर हा माणूस फुकट मरेल.

"खरे दुभाषी दोन झाले," बाई म्हणाल्या. "त्यांनीच तर वाट लावली. आता ऐका."

परदेशी लोकांचं बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात नौरोज अलीने अर्ज केला होता, की मला परत पाठवू नका. तिथे त्याची दोनदा मुलाखत झाली. पहिल्या खेपेला बायकोचं नाव त्याने फातिमा सांगितलं. दुसऱ्या खेपेला झैनब. आणि दलालाने दिलेल्या ज्या पासपोर्टवर ती इथवर आली, त्यावर तिसरंच नाव. साहेबाने शेरा मारला, की ज्याला स्वतःच्या बायकोचं नाव धड सांगता येत नाही त्याची ती बायको नाही. ती बायको नाही म्हटल्यावर तिचे वडील हे त्याचे सासरे नाहीत, आणि मग सासऱ्याच्या खुनाची हकिगतही बनावट. अर्ज नामंजूर. तिघांनी देश सोडावा, नाहीतर नेऊन सीमेपार केलं जाईल.

"आपण हायकोर्टात रिट केलंय," बाई म्हणाल्या. "हे अपील नाही, मास्तर. साहेबाचा निष्कर्ष बरोबर की चूक यात कोर्ट शिरत नाही. तो कसा काढला, तेवढंच बघतं. माणसाला विचारलं का, त्याचं ऐकून घेतलं का. आणि जिथे जीव जाईल तिथे कुणाला परत ढकलू नये, जगण्याचा हक्क परक्यालाही आहे, ते सगळं मी मांडणारच. पण हा खोटारडा वाटला की कायदा काय करणार? म्हणून विचारा त्याला. तीनातलं खरं नाव कुठलं?"

मी विचारलं. त्याने खाली पाहिलं.

"एकही नाही," तो म्हणाला.

"मग खरं कुठलं?"

"आपण लिहा काहीही. फातिमा चांगलं नाव आहे."

बाईंनी पेन टेबलावर आपटलं. "त्याला सांगा, पंधरवड्यात सुनावणी आहे. सांगा, की सरकारी वकील शिरगुप्पे आहेत, आणि ते चहा पितानासुद्धा उलटतपासणी करतात."

मी सांगितलं. चहाचंही सांगितलं. नौरोज अलीने सगळं ऐकून घेतलं. मग तो सावकाश बोलला आणि मी एकेक वाक्य मराठीत करत गेलो.

"आमच्याकडे पुरुष परक्या माणसांत घरच्या बाईचं नाव घेत नाही. मी शिकलेला आहे, मला माहीत आहे हे जुनं आहे. मी वर्गात मुलांना सांगायचो, की जग फार मोठं आहे. पण त्या ऑफिसात चार पुरुष बसले होते. एक जण नाव टाइप करणार होता आणि एक जण पान खात होता. माझ्या तोंडाला जे पहिलं आलं ते मी सांगितलं. दुसऱ्या वेळी आधी काय सांगितलं होतं ते आठवलं नाही." त्याने कोटाची आखूड बाही ओढली. "घर गेलं, शाळा गेली, गाव गेलं. सगळं कुठे ना कुठे फायलीत लिहून झालं. एवढं एकच माझ्याकडे राहिलंय, जे कुणी लिहिलेलं नाही."

"मग बायकोला सांगू दे. तिचं नाव, तिने घ्यावं," बाई म्हणाल्या.

"मी तिला भर कोर्टात उभी करून नाव पुकारायला लावू?" तो म्हणाला. माझं मराठी संपायच्या आतच बाईंनी हात वर केला.

"कळलं. चेहऱ्यावरून कळलं."

त्या संध्याकाळी मी पुण्याला परतलो ते मनाशी ठरवून, की पत्र टाकायचं आणि यातून अंग काढून घ्यायचं. हिला तसं म्हणालोही. ही स्वयंपाकघरात भाजणी चाळत होती.

"का पण?"

"माझ्याच्याने व्हायचं नाही. चारचौघांत बोलायचं म्हणजे माझी जीभ टाळूला चिकटते, तुला माहीत आहे. संस्थेत आभार मानायला उठवलं होतं तेव्हा काय झालं होतं?"

"तुम्ही अध्यक्षांऐवजी सतरंजीवाल्याचे आभार मानलेत." तिने चाळण आपटली. "चांगलं झालं, त्याचे कोण मानतो? नाव काय हो तिचं, त्या बाईचं?"

"तेच तर सांगत नाहीये तो."

सगळा प्रकार मी सांगितला. ऐकता ऐकता ती चाळायची थांबली. मला वाटलं, चिडेल. पण ती हसत होती.

"उखाण्यात घे म्हणावं."

"थट्टा नाही. जिवावरचं आहे."

"अहो, कळतंय मला. म्हणून तर म्हणते, तुम्ही जा. तुमच्यासारखाच कुणीतरी हवा तिथे."

"माझ्यासारखा म्हणजे कसा?"

ती पुन्हा चाळायला लागली. पिठाचा हात कपाळाला लागून तिथे पांढरा पट्टा उमटला होता. तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. "सुनावणीला मी येणार आहे," एवढंच ती म्हणाली. "तुम्ही उपाशी जाल आणि तिथे चक्कर येऊन पडाल."

सुनावणीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या एशियाड बसने मुंबईला गेलो. हिने पोळ्यांचा डबा आणि बेसनाचे लाडू घेतले होते. हायकोर्टाच्या फाटकावर पास करायला रांग होती. खिडकीतल्या हवालदाराने माझं नाव लिहून घेतलं आणि हिच्याकडे मान करून विचारलं, "बाईंचं काय लिहू?" मी चष्मा शोधायला लागलो. या खिशात बघितलं, त्या खिशात बघितलं. तेवढ्यात हिनेच पुढे वाकून त्याला सांगितलं. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

कोर्टाच्या दालनाबाहेर नौरोज अली उभा होता, आणि भिंतीला धरून बाकावर त्याची बायको. काळी चादर कपाळापर्यंत ओढलेली, मांडीवर मूल झोपलेलं. तिला काय म्हणून हाक मारायची हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. मुलाचं नाव यासीन, म्हणून यासीनची आई. मी हिची ओळख करून द्यायला गेलो, "या माझ्या," आणि तिथेच अडलो. "घरच्या," मी म्हणालो. यासीनच्या आईने मान लववली आणि सरकून जागा केली. थोड्या वेळाने बघतो तो मूल हिच्या मांडीवर होतं, आणि यासीनची आई लाडवाचा एक कण जिभेवर ठेवून त्यात काय काय आहे ते ओळखू पाहत होती. एक मराठीत बोलत होती, एक फारसीत. दोघींचंही काही अडत नव्हतं.

आमचा पुकारा झाला. दोन न्यायमूर्ती होते. एक वयस्कर, भुवया दाट पांढऱ्या. दुसऱ्या बाई होत्या, त्या सारखं काहीतरी लिहीत होत्या. कोर्टात इंग्रजी चालतं. मी इथे मराठीत सांगतो आहे.

कुंदाबाई चांगल्या बोलल्या. माणसाला विसंगती दाखवून खुलासा विचारलाच नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. परत पाठवलं तर काय होईल याची वर्तमानपत्रांची कात्रणं त्यांनी पुढे केली. मग शिरगुप्पे उठले. ते मोठ्याने बोलत नव्हते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती.

"खुलासा विचारला नाही, असं माझ्या विद्वान मैत्रीण म्हणतात. ठीक आहे. आता विचारू या. अर्जदार कोर्टात हजर आहे, दुभाषी हजर आहेत. बायकोचं नाव त्याने आता सांगावं. एक शब्द, मिलॉर्ड. एका शब्दाचा प्रश्न आहे."

वयस्कर न्यायमूर्तींनी माझ्याकडे पाहिलं. "विचारा त्याला."

मी विचारलं. नौरोज अलीने हात छातीवर ठेवला. काही बोलला नाही.

"काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही, मिलॉर्ड."

"त्याला सांगा, त्याच्या बायकोच्या आणि मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे."

मी सांगितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ओठ हलले, पण आवाज नाही. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"मिलॉर्ड, मला आणखी काही सांगायचं नाही," शिरगुप्पे म्हणाले आणि खाली बसले.

न्यायमूर्तींनी खुर्चीत अंग सैल सोडलं. ते रागावलेले नव्हते. ते दमलेले दिसत होते, आणि मला वाटलं, संपलं. "समजण्यासारखं नाही," ते म्हणाले. "रूढी मी समजू शकतो. पण फाशीच्या दोरापुढे कसली रूढी? शुद्धीवरचा कुठला माणूस एवढं करील?"

ते हे कुणालाच विचारत नव्हते. दुभाष्याने तर आपल्या मनाचं एक अक्षर बोलायचं नसतं. कुंदाबाईंनी मला ते दहादा बजावलं होतं. तरी माझ्याच आवाजासारखा एक आवाज मला ऐकू आला.

"मी करीन."

"काय म्हणालात?"

"म्हणजे, मलाही येणार नाही, मिलॉर्ड. घेता."

कुंदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"काय घेता येणार नाही?"

"नाव. माझी पत्नी मागच्या बाकावर बसली आहे. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. चारचौघांत मी तिचं नाव कधी घेतलेलं नाही. घरातही नाही. मी एम. ए. आहे."

एम. ए. आहे हे मी का सांगितलं कोण जाणे. वकिलांच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. शिरगुप्पे अर्धे उठले. "मिलॉर्ड, दुभाषी साक्ष देत आहेत!"

"बसा, मिस्टर शिरगुप्पे." न्यायमूर्तींनी चष्मा काढला. आणि मग ते एकदम मराठीत बोलले. "मग आता घ्या."

"आता?"

"हो. इथे. तुमच्यावर तर कसलंच संकट नाही. तुम्ही पुण्याचे शिकलेले गृहस्थ. घ्या नाव."

मी मागे वळून पाहिलं. यासीन हिच्या खांद्यावर होता. ही पदराचा बोळा तोंडावर धरून बसली होती आणि तिचे डोळे चमकत होते. नाव माझ्या जिभेवर होतं. ते मला माहीत नव्हतं थोडंच! लग्नाच्या पत्रिकेवर वाचलेलं, तिच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात पाहिलेलं, रात्री जाग आली तर मनात शंभरदा म्हटलेलं. मी तोंड उघडलं. कान तापले. समोरच्या मेजाची कड मी दोन्ही हातांनी धरली. पहिलं अक्षर आलं असं वाटलं, आणि घशातून नुसता एक चमत्कारिक आवाज निघाला.

"आगा, काय झालं?" नौरोज अलीने हळूच फारसीत विचारलं. आगा म्हणजे साहेब. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मराठी येत नव्हतं. आपला दुभाषी बुडतो आहे एवढं मात्र त्याला दिसत होतं.

"तेच," मी म्हणालो. "माझ्याही तोंडून निघत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या दंडाला हात लावला. अर्जदार एका जागी आणि दुभाषी दुसऱ्या जागी, असे काही आम्ही उभे नव्हतो. दोघेही एकाच जागी उभे होतो.

"पुरे," न्यायमूर्ती म्हणाले. आणि शेजारच्या न्यायमूर्तीबाईंकडे वळून अगदी हलक्या आवाजात, पण मला ऐकू आलं, "माझे वडील आईला 'ऐकलंत का' म्हणायचे. आम्हाला ती गेल्यावर पेपरात द्यायच्या वेळी नाव विचारावं लागलं."

न्यायमूर्तीबाईंनी लिहिणं थांबवलं होतं. "या अर्जदाराच्या पत्नीला कुणी काही विचारलंय का?" त्यांनी शिरगुप्प्यांना विचारलं. "दोन मुलाखती झाल्या. तिची एकही?"

शिरगुप्प्यांनी फाइल चाळली. बराच वेळ चाळली. "तशी नोंद दिसत नाही."

"म्हणजे तिच्या बापाचा आणि भावाचा खून झाला की नाही हे तुम्ही तिला सोडून सगळ्यांना विचारलंत."

निकाल तिथेच सांगितला. साहेबाचा हुकूम रद्द. अर्ज पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा. बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने, महिला दुभाषी घेऊन, बंद खोलीत ऐकायचं. तिथे तिने आपलं नाव सांगावं, आणि ते नाव कुठल्याही उघड कागदावर येऊ नये. तोवर या तिघांना देशाबाहेर काढायचं नाही. माझा उल्लेख निकालात कुठे नव्हता. एक वाक्य मात्र होतं, की ही अडचण एखाद्याच समाजापुरती नाही असं पाहण्याचा योग या कोर्टाला आला.

बाहेर आल्यावर कुंदाबाईंनी मला भिंतीशी गाठलं. "मास्तर, मी तुमचा गळा दाबणार होते. अजूनही दाबीन. मी दोन रात्री जागून कायदा काढला आणि खटला जिंकला तुमच्या खोकल्याने!"

मी नौरोज अलीला निकाल समजावून सांगितला. ऐकून झाल्यावर तो आधी बायकोकडे गेला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, मुद्दाम खिडकीकडे गेलो. परत आला तेव्हा म्हणाला, "आगा, आपलं ऋण मी आपल्या दरबारी भाषेत मानायला हवं, पण तेवढे मोठे शब्द मला येत नाहीत."

परतीच्या बसमध्ये ही खिडकीशी बसली. खंडाळ्याच्या चढावर गाडी हळू झाली तशी ती म्हणाली, "नाहीच ना जमलं?"

"नाही."

"बरं झालं."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"अहो, तिथे सगळ्यांना कळलं," ती म्हणाली, "की तुम्ही ते कुठे ठेवलंय." मग उरलेला लाडू तिने माझ्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले.

महिला दुभाषी म्हणून कुंदाबाईंनी कॅम्पातल्या एका इराणी बाईंना गाठलं. पुढची सुनावणी नीट झाली. नौरोज अली कुटुंबासह तीनेक वर्षं पुण्यात राहिला. यासीनची आई अधूनमधून आमच्याकडे यायची. ही तिला थालीपीठ शिकवायची, ती हिला मांडीवर कणीक मळायची कसलीशी तऱ्हा दाखवायची. माझं काम फक्त दार उघडायचं. नंतर एका थंड देशाने त्यांना घेतलं. तिथून दरसाल नौरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, सणाला फोन यायचा. त्यांचा सण आणि आपला पाडवा मागेपुढेच येतात. तो माझ्याशी बोलायचा, मग दोन्हीकडे फोन बायकांच्या हातात जायचा, आणि दोघी आपापल्या भाषांत एकमेकींवर हसत बसायच्या.

गेल्या मार्गशीर्षात ही गेली.

मी कळवलं नव्हतं. काय कळवायचं, कसं, या विचारात दिवस गेले. पाडव्याच्या सुमारास फोन आला तेव्हा सांगितलं. मग फोन ठेवल्यासारखा आवाज झाला. पण तो ठेवला नव्हता, कुणीतरी घेतला होता.

"आगा," यासीनची आई म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी थेट बोलली नव्हती. "आज गुरुवार आहे. गेलेल्यांसाठी आमच्यात आज हलवा करतात. मी आता करायला घेते. पण तो नाव घेऊन वाटावा लागतो. कोणासाठी आहे ते सांगावं लागतं." ती थांबली. "मी त्यांना नेहमी बहीण म्हटलं. त्यांचं नाव मला माहीत नाही."

स्वयंपाकघरात अंधार होता. भाजणीची चाळण खिळ्याला होती तिथेच होती. मी उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही, पण बसून म्हणावंसं वाटलं नाही.

"कालिंदी," मी म्हणालो.

घरात कुणी नव्हतं, म्हणून ते मोठ्याने ऐकू आलं. पलीकडे तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. तिच्या तोंडी ते थोडं वेगळं झालं, तरी हिचंच होतं. मग तिने, मी न विचारता, आपलं नाव सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही.